नारिंगी वर्षाची बरणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

कॉय,

चाकू टेपच्या तिसऱ्या थरात आहे. तो तसाच ठेवून लिहितो आहे. आत काय आहे ते मला खोक्याच्या वजनावरून कळलं. चिठ्ठी नसणार, हे पाठवणाऱ्यावरून.

कापलं. चिठ्ठी नाही.

मटार ठेवतात तसल्या फ्रीजरच्या पिशवीत तुझा रेग्युलेटर. टाकीवर बसणारं पितळी डोकं, नळी, तोंडात धरायचा भाग. नळीवर तुझं नाव. डोक्याच्या जोडावर माझी नेलपॉलिशची रेघ, नारिंगी, म्हणजे तीन वर्षांपूर्वीची. त्या ऑक्टोबरात म्यूल सिंकच्या पाण्याखालच्या गुहेत हवा ओकायला लागला तोच हा.

का पाठवलास?

तुला तो दुरुस्त करून हवा असेल, हे मी धरून पाहिलं आणि सोडून दिलं. मग वाटलं, तू वकील गाठलास. पोस्टमनने माझी सही घेतली; एरवी तो खोकं पायरीवर टाकून जातो. पार्सल माझ्या हाती पोचलं याचा कागद आता टेनेसीत कुणाच्या तरी टेबलावर जाणार. किंवा तू आत काहीतरी घालून ठेवलं आहेस आणि ते मला सापडावं अशी तुझी इच्छा आहे.

मी उघडणार नाही. उघडलं की रेघ फुटते, आणि रेघ फुटली की पुरावा संपला. आत सगळं नीट निघालं तर तू म्हणशील, मी बदललं. नीट निघालं नाही तर तुला काही म्हणावंच लागणार नाही.

नियम तुझाच होता. आपापला रेग्युलेटर आपण उघडायचा नाही. तुझा मी, माझा तू. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही असं तू म्हणायचास, आणि दुसऱ्याच्या श्वासाशी माणूस आळस करत नाही. सव्वीस वर्षं याच स्वयंपाकघरात, याच टेबलावर, समोरासमोर. तुझी रेघ कायम हिरवी. मी दरवर्षी रंग बदलायचो. दुकानातली बाई विचारायची, "यंदा कोणता, हॉलिस? ओठांनाही जुळता देऊ का?"

हा बसवला त्या दिवशी मी सगळं नियमाप्रमाणे केलं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

आता दुसरी गोष्ट. तुला ती कुणीतरी सांगितलीच असणार, म्हणून मी सांगतो. तुझी टॅन्सी शनिवारी गुहेत जाते आहे. तिच्या शिकवणीचा शेवटचा दिवस, म्यूल सिंक, दीड हजार फूट आत. पाठीवरच्या दोन टाक्यांना दोन रेग्युलेटर लागतात. एक तिने विकत घेतला. दुसरा तुझा जुना, माझ्या गॅरेजात लटकत होता तो. एप्रिलमध्ये तिने मागितला आणि मी दिला. तोही मी त्याच दिवशी, याच टेबलावर बसवला होता. त्याच्यावरही नारिंगी रेघ आहे.

"काका, लटकवून ठेवला की हा जरा फुसफुसतो," ती मे महिन्यात म्हणाली होती.

"सगळेच फुसफुसतात," मी म्हणालो.

तुझं पार्सल तिच्या शनिवारच्या पाच दिवस आधी येतं. हा योगायोग आहे असं मानायला मी तयार नाही.

हॉलिस


बुधवार, ५ नोव्हेंबर

कॉय,

सोमवारचं पत्र पेटीत टाकलं. ते तुला मिळायला गुरुवार तरी उजाडेल. तुला फोन मी केला नाही. तूही केला नाहीस.

काल मी रेघ पाहिली, भिंगातून. नारिंगी रंग कुठल्याही दुकानात मिळतो. तू उघडून, आत हवं ते घालून, वरून तसलीच रेघ ओढू शकला असतास. मी डावीकडून उजवीकडे ओढतो हे तुला माहीत आहे. तू सव्वीस वर्षं समोर बसून पाहिलं आहेस.

रेघेत एक केस अडकला आहे. आखूड, तांबूस, टोकाला पांढरा. बिस्किटचा, माझ्या कुत्र्याचा. त्या वर्षी तो टेबलाखाली, माझ्या पायांवर झोपायचा. पुढच्या उन्हाळ्यात गेला. तू टेनेसीला गेलास तेव्हा तो इथेच होता, आणि तुझ्या घरात कुत्रा नाही, तुझ्या रॉन्डाला शिंका येतात. केस तुला आणता आला नसता. तो रंग ओला असताना पडला आहे आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना अखंड आहे.

म्हणजे रेघ माझीच. मी भिंग खाली ठेवलं आणि पुढचा विचार केला नाही.

आज सकाळी तो टाकीवर चढवला. त्याला उघडावं लागत नाही, रेघेला धक्का लागत नाही. नळीला दाबाचं गेज लावलं आणि टाकीचा खटका सोडला. काटा एकशे चाळीसवर आला. बरोबर तिथेच यायला हवा. मी कॉफी ओतून घ्यायला उठलो. परत आलो तर एकशे पन्नास. कप संपेपर्यंत एकशे पंचाहत्तर. दोनशेच्या अलीकडे तोंडातला भाग शिट्टी वाजवायला लागला आणि मी टाकी बंद केली.

तीन वर्षं पिशवीत पडलेल्या कुठल्याही रेग्युलेटरचं असं होऊ शकतं. हे लिहून ठेवतो.

दुपारी टॅन्सी आली. मी तुझा रेग्युलेटर भांडी पुसायच्या टॉवेलखाली सरकवला. तिने उकडलेल्या शेंगांची पिशवी आणली होती. रोपवाटिकेतून सुटली की हमरस्त्यावरच्या हातगाडीवरून आणते. मातीच्या हातांनी टेबलाशी बसली. तुझ्या खुर्चीत.

"बाबांचा फोन होता," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा."

"बरा आहे का?"

"ओरडायला बरे आहेत. म्हणतात, तो जुना संच वापरू नकोस. दुसरा भाड्याने घे, उसना घे, पण तो नको."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, का? तर म्हणाले, तो तुझ्या काकाने बसवलाय." तिने शेंग फोडली. "मी म्हटलं, काकांनी बसवलाय म्हणूनच वापरते. बिघडवला होता तो तुम्ही. स्वतः उघडलात, स्वतः बिघडवलात आणि तीन वर्षं काकांवर ढकलताय."

"असं म्हणालीस?"

"अजून थोडं म्हटलं मी. खोटारडे म्हटलं."

"त्यावर तो?"

"फोन ठेवला." तिने साल पिशवीत टाकलं. "बरोबर बोलले ना मी, काका? तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना."

मी तिच्याकडून शेंगा घेतल्या. खारट होत्या. मी म्हणालो, यंदा मीठ जास्त घालतो तो गाडीवाला.

ती गेल्यावर मला वाटलं, तिला तूच पाठवलंस. मी काय बोलतो ते ऐकून यायला. मग वाटलं, तिला पाठवता येत असतं तर तुला पार्सल पाठवावं लागलं नसतं.

हॉलिस


गुरुवार, ६ नोव्हेंबर

कॉय,

उघडला. साक्षीदार ठेवून. मोझेल होती.

टाक्या भरायचं दुकान ती अजून चालवते, गुडघे गेले तरी. पंप बंद ठेवून आली आणि ते तिने येताक्षणी सांगितलं. "दोन माणसं रिकाम्या टाक्या घेऊन दारात उभी आहेत, हॉलिस. आणि मी इथे कशाला आले, तर तुझा स्क्रू बघायला."

मी तिला भिंग दिलं, रेघ दाखवली, केस दाखवला. सांगितलं की हे नीट पाहून ठेव, उद्या कुणी विचारलं तर तुला सांगावं लागेल.

तिने पाहिलं. भिंग खाली ठेवलं.

"ही रेघ तुझी?"

"माझी."

"तू बसवलास त्या दिवसाची?"

"हो."

"आणि अखंड आहे."

"म्हणूनच तुला बोलावलं."

"हॉलिस," ती म्हणाली, "तीन वर्षं तू माझ्या काउंटरला कोपर टेकून सांगतोयस की कॉयने स्वतः उघडून बिघडवला. गिऱ्हाइकांना सांगतोस. नवीन पोरांना सांगतोस. मग त्याने उघडला कुठून? नाकातून?"

मी म्हणालो, आधी आत बघू.

"मी आतलं नाही विचारलं," ती म्हणाली. "पण बघ. बघ बाबा."

पाना लावला. रेघ फुटली. त्याचा आवाज येत नाही, पण मी ऐकला. डोकं उघडलं, पडदा काढला, स्प्रिंग काढली. आतलं पितळ स्वच्छ होतं. रबरी ओ-रिंग नव्या, ग्रीस नवं, माझ्या सवयीप्रमाणे पातळ लावलेलं. मग चकती काढली. वाटाण्याएवढी, कठीण प्लॅस्टिकची. तिच्यावर पितळेची कडा दाबून बसते आणि टाकीतली हवा अडते. सगळं त्या एका चकतीवर असतं.

वापरलेल्या चकतीवर कडेची एक गोल खूण उठते. एक.

हिच्यावर दोन होत्या. एक खोल, जुनी. दुसरी उथळ, तिच्याशी जुळत नसलेली, बाजूला सरकलेली. जुनी चकती काढून परत तीच घातली तर असं होतं. कडा नेमकी आपल्या जुन्या खुणेत बसत नाही. फट राहते. हवा हळूहळू चढते.

मोझेलने विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे नवी घातली नाही."

"कुणी?"

मी भिंग पुसू लागलो. ती उठली, पर्स उचलली. दारात म्हणाली, "पंप चालू करायला हवा. दोघं उभे आहेत. त्यांच्यासमोर हा विषय निघाला तर मी काय सांगू?"

मी म्हणालो, अजून काही सांगू नकोस.

"तुझं 'अजून' शनिवारी सकाळी आठला संपतं," ती म्हणाली. "त्या पोरीच्या टाक्या मीच भरल्यात."

त्या दिवसाबद्दल. सोमवारी मी लिहिलं की सगळं नियमाप्रमाणे केलं. ते असं होतं: तू समोर बसला होतास, माझा संच उघडून. तू म्हणालास की रॉन्डाला टेनेसीत नोकरी लागली आणि तू जाणार आहेस, महिनाअखेर. मी म्हणालो, जा. त्यानंतर आपण बोललो नाही. मी तुझे दोन आणि तो जुना, असे तीन बसवले. गेजवर रात्रभर ठेवायचे असतात. मी ठेवले नाहीत. टाकी सोडली, फुसफुस ऐकू येते का पाहिलं, नाही आली, बंद केली. तुला सांगितलं, मी कानानेच करतो. तू हसला नाहीस.

चार दिवसांनी आपण गुहेत होतो. मी पुढे. मागून आवाज आला तेव्हा वळलो. तुझ्या तोंडातून हवेचा लोट निघत होता आणि तो छताला लागून गाळ खाली पडत होता. मी माझ्या तोंडातला काढून तुझ्यापुढे धरला. तू तो पाहिलास. मग मानेमागे हात नेऊन ती टाकी बंद केलीस आणि गळ्यातला दुसरा तोंडात घातलास. त्यानंतर गाळात काहीच दिसलं नाही. वाटेची दोरी हातात धरून चाळीस मिनिटं. मी तुझ्या मागे होतो, हात तुझ्या पोटरीवर. बाहेर आल्यावर तू सामान गाडीत टाकलंस आणि गेलास.

तू माझा घेतला नाहीस म्हणून मला राग आला होता. माझा तूच बसवलेला होता, तुझी हिरवी रेघ होती त्याच्यावर. आणि ज्याच्यावर चाळीस मिनिटं श्वास घेतलास तो मी बसवलेला. हे मला आज सुचलं.

हॉलिस


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कॉय,

जुनी चकती आधी कापायची, मग नवीचं पाकीट फाडायचं. हे आपल्याला कुणी शिकवलं ते मला आठवत नाही. दोन चकत्या एकाच वेळी टेबलावर अखंड असता कामा नयेत. कापलेले तुकडे मी टाकत नाही, तुला त्याची चीड होती. "मेलेल्या उंदरांचं संग्रहालय," म्हणायचास. जॅमची एक बरणी दरवर्षी, झाकणावर त्या वर्षाच्या रंगाचा ठिपका.

नारिंगी बरणी गॅरेजात वरच्या फळीवर होती. दुपारी खाली आणली, वर्तमानपत्रावर ओतली. त्या वर्षी मी इतरांची धरून अकरा डोकी उघडली होती. बावीस अर्ध्या चकत्या निघायला हव्यात. निघाल्या. जोड्या लावल्या. भिंगाची गरज पडली नाही.

नऊ जोड्यांवर खूण आहे.

दोन जोड्या कोऱ्या आहेत. गुळगुळीत, नव्या. त्या मी पाकिटातून काढल्या आणि कापल्या. आणि जुन्या दोन परत आत घातल्या.

एक तुझ्यात होती. ती काल सापडली. दुसरी उरलेल्या दहा रेग्युलेटरांपैकी एकात आहे. पण बाकीचे लोक दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उघडून घेतात. त्या वर्षापासून हात न लागलेला एकच आहे. तो एप्रिलपर्यंत माझ्या गॅरेजात लटकत होता आणि आता लटकवला की फुसफुसतो.

तू विचारशील, खूण दिसली कशी नाही. बोटांवर धरून उजेडात पाहिलं की पोरालाही दिसते.

मला दिसत नव्हतं, कॉय. त्या वर्षी सबंध उन्हाळा टेबलाच्या पलीकडचा तुझा चेहरा मला दुधातून पाहिल्यासारखा दिसायचा. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरने मार्चमध्ये सांगितलं होतं. गेजचा काटा दिसायचा, आकडे नाहीत. चष्मा खिशात होता, त्याचा थोडा उपयोग व्हायचा, पण तू समोर होतास आणि तो मी तुझ्यासमोर काढत नसे. आधीच्या वर्षी तू एकदा म्हणाला होतास, "म्हाताऱ्या, आता मासे पकड." मी ते विनोद म्हणून घेतलं नव्हतं. म्हणून कानाने. शस्त्रक्रिया मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत करून घेतली, कुणाला न सांगता, गेन्सव्हिलला जाऊन.

तुला वाटतं मी मुद्दाम केलं. तू तसं कधी म्हणाला नाहीस, पण सामान गाडीत टाकताना माझ्याकडे पाहिलंस तेव्हा कळलं. मी मुद्दाम केलं नाही. पण तू जाणार हे ऐकल्यावर मी काळजीही घेतली नाही, आणि ती तुझ्यावरच्या रागाने घेतली नाही. या दोन्हींत किती अंतर आहे ते मी मोजलेलं नाही.

आणि बाहेर आल्यावर आठवड्याच्या आत मोझेलच्या काउंटरवर मी म्हणालो की कॉयला स्क्रू दिसला की हात आवरत नाही. लोक हसले. मग ते खरं झालं.

तू तीन वर्षं तो उघडला नाहीस. तुला पाच मिनिटं लागली असती. उघडून, चकतीचा फोटो काढून, मोझेलच्या दारावर चिकटवता आला असता. पण मग रेघ फुटली असती, आणि मी म्हणालो असतो, पहा, उघडला की नाही. मी तसंच म्हणालो असतो.

टॅन्सीला फोन केला. लागला नाही. शिकवणीची सगळी मुलं नदीकाठी तंबूत आहेत, तिथे कधीच लागत नाही. निरोप ठेवला: "काका बोलतोय. फोन कर." एवढाच. खरं कारण निरोपाच्या यंत्राला सांगायला मला जमलं नाही. नंतर लक्षात आलं की न सांगण्यासाठी मी यंत्र मिळायचीच वाट पाहत होतो.

हॉलिस


शनिवार, ८ नोव्हेंबर

कॉय,

सातला म्यूल सिंकला पोचलो. वाळूत सहा गाड्या. मोझेल तिच्या गाडीच्या पायरीवर बसून थर्मासातून कॉफी पीत होती. तिने मला पाहिलं आणि मान वळवली.

टॅन्सीने सूट कमरेपर्यंत चढवला होता. टाक्या लाकडी बाकावर उभ्या, दोन्ही रेग्युलेटर बसवलेले. नारिंगी रेघ मला गाडीतूनच दिसली. आता दिसते.

"काका! बघायला आलात?"

"तो जुना काढ."

"काय?"

"टाकीवरून काढ. त्याने आत जाऊ नकोस."

ती हसली. मग आजूबाजूला पाहून हळू म्हणाली, "काका, सगळे बघताहेत. बाबांनी तुम्हालाही फोन केला का?"

"बघू देत," मी म्हणालो.

मग मी ते मोठ्याने सांगितलं. मोझेलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिच्या काउंटरवर जेवढ्या मोठ्याने सांगत आलो तेवढ्या. म्हणालो, कॉयने त्याचा रेग्युलेटर कधीच उघडला नव्हता. मी बसवला. मी नवी चकती कापली आणि जुनी परत आत घातली. असं दोनदा केलं. मला दिसत नव्हतं आणि ते मी लपवलं. मग त्याने बिघडवला असं सांगत फिरलो. एक चकती त्याच्यात निघाली. दुसरी बहुधा यात आहे.

शिकवणारा पुढे आला. तरुण आहे, जॉर्जियाचा, मला नावाने ओळखतो. "बहुधा?" तो म्हणाला. "बहुधा म्हणजे काय, सर?"

गाडीचं मागचं फळकूट पाडलं, टॉवेल अंथरला. पाने बरोबर आणले होते. टॅन्सी बॅटरी धरून उभी राहिली. मी चकती काढली आणि न पाहता तिच्या तळहातावर ठेवली.

"तू बघ. मला विचारू नकोस."

तिने बॅटरी जवळ नेली.

"दोन आहेत," ती म्हणाली.

"नीट बघ."

"दोन गोल आहेत, काका. एक इकडे, एक इकडे."

शिकवणाऱ्याने घेतली, पाहिली, परत तिच्या हातात दिली. बाकीचे आपापल्या टाक्यांशी काहीबाही करू लागले. कुणीतरी वाकून स्वतःच्या रेग्युलेटरचा जोड तपासत होता. मी त्याचा उघडलेला नव्हता, तरीही.

टॅन्सी चकतीकडेच पाहत होती.

"बुधवारी मी सांगितलं तुम्हाला," ती म्हणाली. "मी त्यांना खोटारडे म्हटलं हे सांगितलं. तुम्ही शेंगा खाल्ल्यात."

"हो."

"त्या टॉवेलखाली काय होतं?"

"तेच. त्याचा रेग्युलेटर."

"मला वाटलं केक आहे. मोझेल आजींनी दिलेला, मला द्यायचा नाही म्हणून लपवलाय." तिने चकतीवर मूठ मिटली. "आणि आज सकाळी मी आत गेले असते तर?"

"आलो ना."

"आज आलात."

त्यानंतर तिने मला काका म्हटलं नाही. चकती मुठीत घेऊन ती गाड्यांच्या पलीकडे, टेकाडावर गेली, जिथे फोन लागतो. बराच वेळ तिथे होती. पाठ आमच्याकडे. एकदा खाली बसली.

शिकवणाऱ्याने तिचा दिवस पुढच्या आठवड्यावर टाकला. मी पाने गोळा केले. निघताना मोझेलने थर्मासाचं झाकण पुढे केलं. त्यात कॉफी होती, गार.

"पी," ती म्हणाली. "गोड नाहीये."

ही सगळी पत्रं एका लिफाफ्यात घालतो आहे. सोमवारचं तेवढं तुझ्याकडे आलं असेल. ते फाडून टाकायला सांगणार होतो. नको, असू दे. त्यात मी काय काय लिहिलं आहे ते तुला माहीत असावं.

हॉलिस


रविवार, ९ नोव्हेंबर

लिफाफा चिकटवला होता, तो उघडून हे लिहितो आहे.

आज सकाळी सात वाजता तू आलास. आठ तासांचा रस्ता. गाडीवर किडे होते. आत आलास, खिळ्याला लटकलेला माझा संच पाहिलास. तुझी हिरवी रेघ पाहिलीस. हात लावला नाहीस. तुझ्या खुर्चीत बसलास. मी कॉफी ठेवली, ती घेतली नाहीस.

"पुढच्या वर्षीचा रंग कोणता होता?" तू विचारलंस.

"जांभळा."

"तेव्हा दिसत होतं?"

"नाही. शस्त्रक्रिया त्यानंतरची."

"बरणी पाहिलीस?"

"नाही."

मी ती आणली. तू टेबलावर ओतलीस. सात डोकी, चौदा तुकडे. तू एकेक खिडकीकडे धरून पाहिलास आणि जोड्या लावल्यास. मी हात पुढे केला तेव्हा तू माझं मनगट धरून बाजूला ठेवलंस. सहा जोड्या झाल्या. सातवीचे दोन तुकडे तू माझ्यापुढे सरकवलेस.

"काय दिसतं?"

मी उजेडात धरले. घाई केली नाही.

"खूण आहे."

"किती?"

"एक."

तू माझ्या हातातून घेऊन पुन्हा पाहिलेस; सातही जुन्याच, कोरी एकही नाही. मग सगळे तुकडे बरणीत भरलेस, झाकण लावलंस आणि गार झालेली कॉफी प्यायलास.